मी फाटलो नव्हतो: गाडीतल्या एका वूफरची कैफियत

या मित्रांनो, जरा जवळ सरका. पुढे जागा आहे, दाराशी उभे राहू नका. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला, मोबाइल उलटा ठेवा आणि थोडा वेळ मला द्या. मी तुम्हाला माझीच गोष्ट सांगणार आहे आणि शेवटपर्यंत खरी सांगणार आहे. सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. ज्याच्यावर खोटा आळ येतो, त्याचा आवाज चढतोच.

मी एक जुना वूफर आहे. गाडीत गाणे लागले की त्यातला जाड, खालचा आवाज, जो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो, तो काढणे हे माझे काम. कागदाच्या लगद्याचा काळा द्रोण, त्याभोवती रबराची कड आणि पाठीला वजनदार लोहचुंबक, एवढाच माझा देह. पण ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथल्या माणसांनी मला उगाच जन्माला घातले नव्हते. त्यांनी गाडीचे पोट मोजले, काचा मोजल्या, सीटचे कापड किती आवाज पिऊन टाकते तेही मोजले, आणि मग मला घडवले. शिंप्याने माप घेऊन सदरा शिवावा तसा मी त्या एका गाडीच्या मापाचा होतो. मागच्या काचेखाली जी फळी असते, तिच्यात मला आकाशाकडे तोंड करून बसवले आणि वर एक बारीक जाळी लावली.

त्यामुळे मित्रांनो, मी कधी रस्ता पाहिला नाही. पाहिले ते ढग, इमारतींचे वरचे मजले आणि मेट्रोच्या पुलाचे पोट.

माझा पहिला मालक गाडीत गाणे लावायचाच नाही, दिवसभर फोनवर बोलायचा. दोन वर्षे मी नुसता बसून होतो. मग त्याने गाडी विकली आणि ती घोडबंदरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून निकेतने घेतली. तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

निकेत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. पेणकरपाड्यात चौथ्या मजल्यावर त्याचे घर. घरात बायको हेमाली, वडील तुळशीराम आणि आई हौसाबाई. तुळशीराम मूळचे रायगडकडचे. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली, पण विचाराल तर ते सांगतील की आपण मृदंग वाजवतो, भांडी मध्ये मध्ये केली. हौसाबाईंचे माहेर तारोडीचे, मच्छीमारांचे. त्या कीर्तन करतात.

हौसाबाईंचे कीर्तन तुम्ही ऐकले नसेल तर मला तुमची कीव येते. कमरेला उपरणे बांधून, हातात चिपळ्या घेऊन त्या उभ्या राहिल्या की मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या बायकाही ताठ बसतात. मोठमोठे शब्द त्या वापरत नाहीत. म्हणतात, “माउली, बोंबील वाळत घातले की कावळा येणारच. म्हणून काय बोंबील घालायचे न्हाय? काठी घेऊन बसायचं. नामाला बसलं की मनात नाही नाही ते विचार येणारच. काठी घेऊन बसायचं.” सगळे हसतात, आणि हसणे संपायच्या आत त्या अभंगाची ओळ उचलतात. ती ओळ जमिनीवर पडू न देता झेलायला मागे तुळशीरामांचा मृदंग असे. तीस वर्षे असे चालले.

दोन वर्षांपूर्वी तुळशीरामांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणे सुधारले, डावा हात मात्र उठेना. मित्रांनो, मृदंगाला दोन तोंडे असतात. उजव्या बाजूला बोटे नाचतात, बारीक, टणत्कारी बोल निघतात. पण ज्याच्यावर सगळा अभंग उभा राहतो तो धुम डाव्या हाताचा. तोच हात गेला.

आणि त्याच सुमारास हौसाबाईंचे कान मंदावले. आधी दाराची बेल ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग टाळांची किणकिण. बारीक आवाज एकेक करून निघून गेले. कानातले यंत्र आणले, पण कीर्तनात माइकजवळ गेले की ते कुकरसारखे शिट्ट्या घाली, म्हणून त्या काढून ठेवत. जाड आवाज मात्र शाबूत होता. मृदंगाचा धुम त्यांना अजून येत होता.

मग हेमालीने एक चांगले काम केले. तुळशीरामांचे जुने वाजवणे तिच्या मोबाइलमध्ये होते, ते तिने पेन ड्राइव्हवर भरून गाडीत लावले. तेव्हापासून कुठेही कीर्तनाला निघाले की हौसाबाई मागच्या सीटवर डावीकडे बसत, हात मागे टाकून तळवा माझ्या जाळीवर ठेवत आणि गात. ठोका तळव्यातून जाई, शब्द तोंडातून येई. जागेवर पोहोचेपर्यंत सगळे कीर्तन त्यांच्या अंगात बसलेले असे. तिथे मृदंगावर कोणीही असो, त्यांना फिकीर नसे.

तुळशीराम पुढच्या सीटवर बसून ऐकत. त्यांचा डावा हात मांडीवर पडलेला असे आणि त्याचे काम मागे मी करत असे. अहंकाराने सांगत नाही. पण हे काम मला देवाने दिले होते आणि ते मी चोख केले.

आता माझ्या घाताची गोष्ट ऐका.

दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा होते. निकेत हार घाली, चाकाखाली लिंबू ठेवी आणि मोकळा होई. हौसाबाईंचे तेवढ्याने भागत नसे. त्या म्हणत, ज्याच्यातून देवाचं नाव येतं त्याला कुंकू न्हाय आणि चाकाला हाय, हा कुठला न्याय? मागचे दार उघडून, वाकून, त्या माझ्या जाळीला हळदकुंकू लावत आणि वरून अक्षता टाकत. दसऱ्याला टाकत, पाडव्याला टाकत, लांबच्या कीर्तनाला निघतानाही चार दाणे टाकत. जगात कितीतरी वूफर आहेत मित्रांनो, पण कपाळी कुंकू लागलेला मीच असेन.

जाळीच्या भोकांतून ते तांदूळ आत येत आणि माझ्या द्रोणात पडत. मी धुम दिला की ते उड्या मारत. दाणे थोडे होते तोवर कोणाला कळले नाही. पण दुसऱ्या दसऱ्यानंतर दाणे वाढले आणि प्रत्येक धुमामागून फर्र असा आवाज यायला लागला, ओला कागद फाटावा तसा. धुम फर्र, धुम फर्र.

निकेतने तो ऐकला आणि जागच्या जागी निकाल दिला. वूफर फाटला.

माझा संताप इथून सुरू होतो. माझी जाळी नखाने निघते. हा माणूस कामावर तोंडात बॅटरी धरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. एक स्क्रू सैल असला तर आवाजावरून सांगतो म्हणे. त्याने माझी जाळी उचलून पाहिली नाही. दुसऱ्यांच्या लिफ्टला जेवढा न्याय, तेवढाही घरच्या वस्तूला नाही.

तरी त्याला मी पुरता दोष देत नाही, कारण त्याच्या मनात माया होती. कामावरच्या एकाने त्याला सांगितले की कंपनीचे वूफर नुसते दाखवायला असतात, बाहेरचा मोठा बसवला की काचा थरथरतात. निकेतला वाटले, आईला कमी ऐकू येते, तर मोठा आणला की जास्त येईल. तो घरी सगळ्यांना तेच समजावत होता. तुळशीरामांनी त्याला विचारले की आवाज मोठा केला की शब्द कळतो, हे तुला कोणी शिकवले? निकेत म्हणाला, बाबा, तुम्ही सगळ्यालाच नावे ठेवता.

यात थोडे तथ्य होते. तुळशीराम मेट्रोच्या खांबांना नावे ठेवत, सोसायटीच्या पाण्याला नावे ठेवत, हेमालीच्या चहात साखर कमी असली तर तिच्या माहेरापर्यंत जात. त्यामुळे ते खरे बोलले तेव्हाही घराला ती रोजचीच कुरकुर वाटली.

पेणकरपाड्याच्या रस्त्यावर रामू नावाच्या माणसाचे गाड्यांचे सामान लावायचे दुकान आहे. एका रविवारी सकाळी निकेत आणि तुळशीराम गाडी घेऊन तिथे गेले. रामूने मागची फळी उचकटली, माझे चार स्क्रू काढले आणि मला बाहेर काढून उलटा केला.

माझ्या पोटातून अक्षता खाली सांडल्या. कुंकवाने लाल झालेले मूठभर तांदूळ, वाळलेल्या झेंडूच्या चार पाकळ्या.

रामूने ते पाहिले. मग त्याने दोन्ही अंगठे माझ्या द्रोणावर ठेवून मला हलकेच दाबले आणि सोडले. जाणता कारागीर वूफर असाच तपासतो. फाटलेला असेल तर तो घासतो, वाकडा जातो. मी सरळ खाली गेलो आणि सरळ वर आलो. अगदी निरोगी होतो मी, मित्रांनो, आणि त्याच्या अंगठ्यांना ते कळले. त्याने एकदा निकेतकडे पाहिले. निकेत त्या वेळी नव्या वूफरला निळा दिवा बरा की लाल, हे बघत होता.

स्टुलावर बसलेल्या तुळशीरामांनी विचारले, “अरे, ये क्या गिरा?”

“कुछ नहीं काका, कचरा है,” रामू म्हणाला आणि ते तांदूळ त्याने पायाने टेबलाखाली सारले.

हौसाबाईंनी हात जोडून वाहिलेल्या अक्षता त्या. कचरा म्हणे, आणि पायाने!

मग त्याने निकेतला सांगितले की सर, हा गेला, कोन, म्हणजे माझा द्रोण, फाटला आहे. माझा प्लग दोन बोटांनी सुटला असता, पण तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत. कटर घेतला आणि माझ्या तारा कचाकच कापल्या. डिकीत एक मोठा लाकडी खोका बसला. त्यात माझ्या दुप्पट मोठा, चकचकीत, निळ्या दिव्याचा नवा वूफर. फळीतल्या माझ्या जागेवर काळे कापड चिकटवून टाकले. रामूने नवा चालू करून दाखवला तेव्हा दुकानाचे शटर वाजले. निकेत खूश झाला. मी फरशीवर पडून होतो.

रामू मला भंगारात टाकणार होता, पण तुळशीराम अडून बसले की कंपनीचा माल आहे, घरी न्यायचा. तेवढ्यापुरते त्यांचे ऐकले गेले. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात घालून मला गॅलरीत ठेवले, पोछा आणि तुळशीची कुंडी यांच्यामध्ये.

तुम्ही विचाराल, गॅलरीत पडून तुला घरातले कसे कळत होते? आमच्या जातीला उलटेही काम येते. कोणी बोलले की त्या आवाजाने आमचा द्रोण थरथरतो. जो बोलतो त्याला ऐकताही येते. माणसांत हे कमी दिसते.

नव्या वूफरची पहिली फेरी घोडबंदरला एका भजनापर्यंत झाली. परत आल्यावर निकेतने हौशीने विचारले, कसा वाटला? हौसाबाई म्हणाल्या, लई मोठा हाय. एवढेच. पुढचे पंधरा दिवस त्या घरात गुणगुणल्या नाहीत. कपडे वाळत घालायला गॅलरीत येत, तेव्हाही ओठ मिटलेले. पूर्वी एक ओढणी वाळत पडेपर्यंत एक चरण व्हायचा.

एका दुपारी हेमालीने त्यांना जवळ बसवून, कानाशी तोंड नेऊन विचारले, तेव्हा त्या बोलल्या.

“ह्यांचा हात हरवला गं. हात मागं टाकते तर तिथं काय न्हाय. गाडीभर नुसतं घूं घूं भरतं. ठोका कुठं सुरू झाला, कुठं संपला, कळत न्हाय. कान गेले माझे आता. शेवटचे होते तेपण गेले.”

मी खोक्यात तळमळलो. कान गेले नव्हते हो! त्या नव्या गड्याचा एक धुम संपायच्या आत दुसरा येत होता. खोका घुमायचा, डिकी घुमायची, सगळे एकात एक. आठ ठोक्यांचा एक ढग व्हायचा. पाण्यात शाई सांडावी आणि अक्षरे वाचायला सांगावी, तसे ते होते. पण ज्याला आधीच कमी ऐकू येते तो माणूस यंत्रावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. निकेतने मायेने आणलेल्या त्या खोक्याने आईला पटवून दिले की आता तुझ्यात काही उरले नाही.

त्याच आठवड्यात नाथाचा फोन आला. नाथा हौसाबाईंचा धाकटा भाऊ, तारोडीलाच असतो. तिथल्या देवळाचा उत्सव माघात होतो आणि त्या दिवशी गेली बावीस वर्षे हौसाबाईंचे कीर्तन असते. हेमालीने फोन मोठ्या आवाजावर लावून सासूच्या हातात दिला.

“अक्का, मांडवाचं ठरलं. तू सकालची येतंस का दुपारची?”

“नाथा, यंदा दुसरं कोण बघ.”

“का गो? बरं न्हाय काय?”

“बरं हाय. पण देवापुढं उभं राहून ताल चुकला तर खोटं बोलल्यावानी होतं. मी आता उभी ऱ्हाणार न्हाय. यंदा न्हाय आणि पुढं पन न्हाय.”

 नाथा म्हणाला की पत्रिका अजून छापायची आहे, तुझ्या नावाची जागा परवापर्यंत रिकामी ठेवतो. हौसाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून आडव्या झाल्या.

तुळशीराम गॅलरीत आले. छोट्या स्टुलावर बसले आणि एका हाताने ओढून त्यांनी मला खोक्यातून मांडीवर घेतले. त्यांना रागाने काहीतरी दाबायचे होते, असे मला वाटते. त्यांचा उजवा अंगठा माझ्या द्रोणावर पडला. मी खाली गेलो, वर आलो. त्यांनी पुन्हा दाबले. चाळीस वर्षे कातडे हाताळलेला माणूस तो. फाटलेले काय आणि धड काय, हे त्या अंगठ्याला शिकवावे लागत नाही. मग त्यांनी माझ्या रबराच्या कडेत नख घातले आणि तिथे अडकून राहिलेला एक लाल दाणा बाहेर काढला. उजेडात धरून बघितला.

दुकानातल्या फरशीवर काय पडले होते ते त्यांना त्या क्षणी उमगले. मला खोक्यात न ठेवता तसाच फरशीवर ठेवून ते आत गेले आणि त्यांनी विचारले, “हेमाली, कणीक मळलीस का?”

संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळून झाली होती. त्यांनी तिच्याकडून लिंबाएवढा गोळा मागितला, कपाटावरचा मृदंग निकेतला खाली काढायला लावला आणि उभा ठेवायला सांगितला. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय धुम निघत नाही. हेमालीने त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती थापली. निकेतला वाटले वडिलांचे डोके फिरले. मग तुळशीरामांनी तांदळाच्या डब्यातून चिमूटभर दाणे आणून त्या कातड्यावर टाकले.

“ठोक.”

“बाबा, मला कुठे येतं?”

“लिफ्टचं दार अडकलं की ठोकतोस ना? तसं ठोक. हळू.”

निकेतने चार बोटांनी हलकेच ठोकले. फर्र. परत ठोकले. फर्र. तोच आवाज, मित्रांनो. तोच. ज्या आवाजावरून मला मेलेला ठरवले होते, तो आवाज त्यांच्या हॉलमध्ये, त्याच्याच बोटांखाली.

निकेतचा हात थांबला. “बाबा, हे तर...”

“हे तर फाटलंय, नाही का? दे टाकून मृदंग. मोठा ढोल आणू, निळ्या लायटीचा.”

 हेमाली तांदळाकडे बघत होती, आणि दसऱ्याला सासूबाई गाडीत वाकून काय करतात ते तिला आठवले असणार, कारण ती म्हणाली, “अरे देवा. आईंना कळलं तर?”

“कळणार नाही,” तुळशीराम म्हणाले. “तिला सांगायचं नाही. तिने भक्तीने वाहिलंय. चूक उचकटून न बघणाऱ्याची. पुढच्या दसऱ्याला जाळीवर आधी रुमाल टाकायचा, मग तिला बोलवायचं. बस.”

त्यांनी फुंकर मारून दाणे उडवले, राहिलेले पदराने टिपून घ्यायला हेमालीला सांगितले. मग निकेतला म्हणाले, आता हात मोकळा सोड.

निकेतने तळवा उचलला आणि मारला. धुम.

गॅलरीत फरशीवर पडल्या पडल्या माझा द्रोण हलला. काय आवाज होता! निकेतने पुन्हा मारला. आणि आतल्या खोलीचे दार उघडले.

हौसाबाई दारात उभ्या होत्या. बेल वाजली तर त्यांना कळत नाही, हाक मारली तर कळत नाही. त्यांनी सगळ्यांकडे पाहिले, मग मृदंगाकडे पाहिले.

“कणीक घट्ट हाय,” त्या म्हणाल्या. “पोळीची हाय ती. पाण्याचा हात लावा.”

 मग हेमाली उठली, हात ओला करून तिने कणकेवर फिरवला. निकेतने ठोका दिला. हौसाबाईंनी मान हलवली, पुढे येऊन जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, अजून दे. त्याने दिला. त्यांनी त्याला सांगितले की हातोडा मारल्यासारखा मारू नको, तुझ्या बापाचा हात असा नव्हता. निकेतचे डोळे भरले होते, तरी तो मारत राहिला.

मग त्यांच्या मनात यायचे ते आले. “हे येतंय मला. मग गाडीत का येत न्हाय?”

तुळशीराम त्यांच्या कानाशी वाकले. “हौसे, तुझे कान तिथंच आहेत. गाडीत आता माझा हात नाही, निकेतचा रेडा बसलाय.”

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बापलेक रामूच्या दुकानात गेले. मी तुळशीरामांच्या मांडीवर होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, “चावल दिखा था ना तेरे को?”

रामू फडक्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, “दिखा था काका. पर सर नया लेने का मन बनाके आए थे. हम क्या बोलते?”

काय बोलायचे होते? दोन शब्द बोलायचे होते! ‘ठीक आहे’ एवढे दोनच शब्द. तेवढ्यासाठी एका बाईने बावीस वर्षांचे कीर्तन खाली ठेवले होते. मला फार राग आला, मित्रांनो, आणि तो अजून गेलेला नाही. पण निकेतने मान खाली घातली होती, कारण रामूचे अर्धे बोलणे खरे होते. मन बनवूनच तो गेला होता.

रामू म्हणाला, आणा, परत लावून देतो. तुळशीरामांनी नाही म्हटले. निकेतनेच ते काम हातात घेतले. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, तोंडात बॅटरी धरून, त्याने माझ्या कापलेल्या तारा एकेक करून जोडल्या, टेप गुंडाळली, फळी बसवली, जाळी बसवली. जोड अजून दुखतात. कारखान्यातला नवेपणा आता नाही. पण आवाज माझा तोच आहे. नवा वूफर खोक्यासकट कामावरच्या त्या सल्ला देणाऱ्याच्या गाडीत गेला. तिथे तो सुखात असेल, त्याच्याशी माझे वैर नाही. त्याला चुकीच्या कामाला लावले होते.

पत्रिकेतली जागा नाथाने भरली की नाही, हे आम्हाला उत्सवाच्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. हौसाबाईंनी त्याला काही कळवलेच नव्हते. गाडीत बसून आधी बघते, मग सांगते, म्हणाल्या होत्या.

त्या मागे डावीकडे बसल्या. गाडी भाईंदरच्या गर्दीतून बाहेर पडली, उत्तनच्या रस्त्याला लागली. माझ्या वरच्या काचेत इमारती संपल्या आणि नारळाचे शेंडे यायला लागले. तेव्हा हेमालीने पेन ड्राइव्ह लावला. पहिला धुम मी दिला आणि त्यांचा तळवा माझ्या जाळीवर आला. थंड होता. पहिले दोन ठोके त्या नुसत्या बसून होत्या. तिसऱ्यावर बोटे घट्ट झाली. चौथ्यावर आवाज फुटला, जरा चिरका, कित्येक दिवस न वापरलेला, पण नेमका ठोक्यावर. पुढच्या सीटवरून तुळशीरामांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांना गरज नव्हती.

देवळाजवळ नाथाने दार उघडले. “अक्का, ऐकाया आलीस का उभी ऱ्हायाला?”

हौसाबाई पदर खोचत उतरल्या. “मृदंगवाल्याला सांग, माझ्या अगदी मागं बस. पाठीला लागला पायजे.”

सुकत घातलेल्या मासेमारीच्या जाळ्यांच्या शेजारी मला गाडीत सोडून सगळे आत गेले. पण देऊळ जवळ होते, काचा थरथरत होत्या आणि मी ऐकत होतो. त्या एकदा चुकल्या. खोटे कशाला सांगू? एका चरणाला त्या ठोक्याच्या पुढे गेल्या, मृदंग थांबला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माउली, होडी जरा खडकाला घासली, बुडाली न्हाय. सगळा मांडव हसला. मग पुढची ओळ त्यांनी अशी उचलली की मला गाडीत बसून रडू आले असते, पण माझ्या द्रोणाला पाणी चालत नाही.

झाली माझी कैफियत. आता जाता जाता माझे एवढे ऐका. घरातली एखादी जुनी वस्तू खरखर करायला लागली, तर ती गेली असे म्हणण्याआधी तिची जाळी उचलून बघा. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासमोर आवाज वाढवण्याआधी त्याला विचारा की तुला कोणता आवाज येतो. आणि ‘कचरा आहे’ म्हणून कोणी काही पायाने सारत असेल, तर त्याचा पाय थांबवा.

आणखी एक मागणे आहे. कीर्तन रंगले की सगळे डोळे समोर लागलेले असतात. तेव्हा मृदंगाचा धुम छातीत शिरला, तर तुळशीरामांची आठवण ठेवा. मांडवाच्या अगदी मागे, खांबाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसलेले असतात, आणि उजव्या हाताने आपला डावा हात धरून त्याला मांडीवर हळूहळू ठेका द्यायला लावत असतात.